दुसराही मुलगाच, आणि माझं रडणं

डोहाळजेवणात मी चीटिंग केली होती, ते आधी सांगून टाकते.

आमच्याकडे ते वाट्यांचं असतं ना, एका वाटीत पेढा, एका वाटीत बर्फी, वर ताटली झाकायची आणि जिचं डोहाळजेवण तिने एक वाटी निवडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तर नणंद किचनमध्ये वाट्या भरत होती तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले आणि बघितलं की बर्फी तिने त्या चेपलेल्या वाटीत ठेवलीये. आमच्या घरात एक स्टीलची वाटी आहे, मोठ्या मुलाने रांगत्या वयात फरशीवर आपटून आपटून तिच्या बुडाला पोचा पाडलाय, ठेवली की डुगडुगते. मग काय. बाहेर हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, मी हिरवी साडी नेसून फुलांचे दागिने घालून बसलेले, आणि मी अगदी डोळे मिटून देवाचं नाव घेतल्यासारखं करून दोन्ही वाट्यांना हात लावला आणि जी डुगडुगली ती उचलली.

बर्फी! सगळ्या ओरडल्या. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, एक पोरगी पाहिजेच घरात, मोठ्याला राखी बांधायला कोणी नाही. मी ती बर्फी तिथेच खाऊन टाकली. हसू नका, पण मला त्या दिवशी खरंच वाटलं की झालं, आता ठरलं.

हे सगळं २०२२ चं. आमचा मोठा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि दुसऱ्याचा विचार केला तोच मुळी मुलीसाठी, हे मी कोणाला उघड बोलले नव्हते पण नवऱ्याला माहीत होतं. नाव ठरलेलं होतं. कॉलेजात असल्यापासून ठरलेलं होतं ते नाव, ते इथे लिहीत नाही. आणि एक परकर-पोलकं घेऊन ठेवलं होतं मेन रोडच्या एका दुकानातून, खणाचं, हिरव्यावर लाल काठ, सहा महिन्यांच्या बाळाला होईल एवढंसं. दुकानातल्या दादाने विचारलं कितवा महिना चालू आहे बाळाला, तर मी म्हणलं सहावा. खोटं नव्हतं अगदी, फक्त बाळ अजून पोटात होतं. ते पोलकं मी माझ्या येवल्याच्या पैठणीच्या घडीत लपवून ठेवलं, कारण सासूबाईंनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या की जन्मायच्या आधी कपडे आणत नाहीत.

सोनोग्राफीला गेलं की तिथे भिंतीवर तो बोर्ड असतोच, गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि फॉर्म एफ भरून घेतात, त्यात आधीची मुलं किती, मुलगा का मुलगी, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. मी सही केली आणि मनात म्हणलं एवढी खोटी सही मी आयुष्यात केली नसेल. जीव जात होता माझा जाणून घ्यायला. जेल लावून ते यंत्र पोटावर फिरत असताना मी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते, काही कळतंय का, तर त्या मख्ख. बरोबरच आहे त्यांचं.

ऐन एप्रिलमध्ये डिलिव्हरी, सिझर. कमरेत इंजेक्शन देतात त्यामुळे आपण जागेच असतो, फक्त खाली काही कळत नाही, मधे हिरवा पडदा. बाळ रडलं. मग पडद्याच्या वरून डॉक्टरांनी दाखवलं, बघा, मुलगा आहे, अभिनंदन! आणि मी काय म्हणाले असेन?

"नक्की का?"

ऑपरेशन थिएटरमधले सगळे हसले. त्यांना वाटलं आनंदाने विचारतीये. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, हो हो मॅडम, नक्की, आता पार्टी पाहिजे. मी वरच्या त्या मोठ्या गोल लाईटकडे बघत राहिले, त्यात सात बल्ब होते, त्यातला एक बंद होता. हे मला आजही आठवतं आणि बाळाचा पहिला चेहरा कसा होता ते आठवत नाही, याची लाज वाटते, पण आता लिहायलाच बसलीये तर लिहिते.

बाहेर मावशींनी नवऱ्याकडे बक्षिसी मागितली, मुलगा झालाय साहेब, पाचशेच्या खाली नाही चालणार. मुलगी असली की दोनशेत भागतं म्हणे. तेवढ्यात तो मिठाईच्या दुकानात पोचला आणि मला रिकव्हरीत असताना मम्मीच्या फोनवर त्याचा फोन, पेढेच घेतो ना गं पाच किलो? त्याचा आवाज पडलेला होता, त्यालाही मुलगी पाहिजे होती. मागून दुकानदाराचा आवाज येत होता, पेढे का बर्फी, लवकर सांगा साहेब. मम्मी म्हणाली, पेढे घ्या जावईबापू. आणि फोन ठेवला.

मग जे रडू सुरू झालं ते थांबेना. येणारा प्रत्येक जण वेगळा अर्थ काढत होता. टाके दुखत असतील. दूध उतरलं नसेल. आनंदाश्रू आहेत हो! सासूबाई तर हरखूनच गेल्या होत्या, दोन महिन्यांपूर्वी पोरगी पाहिजे म्हणणाऱ्या त्याच, आता फोनवर सगळ्यांना सांगत होत्या, राम-लक्ष्मणाची जोडी झाली आमच्याकडे. दिवसभरात ते राम-लक्ष्मण मी किती वेळा ऐकलं असेल, नाशिकमध्ये राहायचं म्हणजे हे आलंच, एका काकांनी तर बाळाला घेऊन काळारामाला दर्शनाला कधी जायचं तेही ठरवून टाकलं. मी मान डोलवत होते. चुलत सासूबाई म्हणाल्या, नशीब काढलंस, दोन्ही मुलगे, आता तुला काही बघायला नको. आणि मी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं तर त्या म्हणाल्या, झोपू द्या तिला, दमलीये.

कोणाला सांगणार? नवरा म्हणाला, अगं धडधाकट आहे बाळ, अजून काय पाहिजे. एवढं बरोबर बोलला की मला त्याचा राग आला. एका मैत्रिणीला रात्री मेसेज टाकला तर तिचं उत्तर आलं, लोक मुलासाठी वणीला अनवाणी जातात आणि तुला दोन दोन मिळाले तर रडतेस? डोळे पुसायची इमोजी. तिचंही चूक नाही. तिला स्वतःला एकच मुलगी आहे आणि तिने काय काय ऐकलंय ते मला माहितीये.

आणि यात सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मी स्वतः तिसरी मुलगी.

ताई, मधली आणि मी. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, पप्पा सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. १९८८ ला मी झाले तेव्हा आजी, म्हणजे पप्पांची आई, दवाखान्यात आलीच नाही. निफाडजवळच्या गावाहून ती बारशाला आली, तेही घुगऱ्या वाटून दुपारच्या एसटीने परत गेली. लहानपणी पाहुणे आले की आम्हा तिघींना ओळीने बघायचे आणि म्हणायचे, तिन्ही मुलीच का? तो 'च' मला फार लवकर समजायला लागला. व्याकरण शिकायच्या आधी. माझ्या बाबतीत तर आजी स्पष्टच म्हणायची, हिच्या वेळेला आम्हाला वाटलं होतं आता होईल. काय होईल ते म्हणायची गरज नसायची. शाळेत सायन्सच्या पुस्तकात ते एक्स आणि वाय आलं ना, की आईकडे दोन्ही एक्सच असतात आणि वाय असतो बापाकडे, म्हणजे मुलगा का मुलगी हे बापाकडून ठरतं, तेव्हा मी धावत घरी आले आणि आजी तेव्हा आमच्याकडेच होती, तिला सगळं समजावून सांगितलं, चित्र काढून वगैरे. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढी शिकली तर जा आता भांडी घास.

तर अशी मी, जिच्या जन्माचं कोणाला सुतक असल्यासारखं वाटलं ती, मुलगा झाला म्हणून रडत होते. स्वतःचीच शरम वाटत होती आणि शरम वाटली की अजून रडू यायचं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट मधेच सांगते, कारण हे वाचणाऱ्या कोणाला उपयोग होईल. टाके बघायला गेले तेव्हा डॉक्टरांनी बाळाचं सगळं विचारून झाल्यावर मला विचारलं, झोप लागते का, रडू येतं का. मी म्हणलं येतं. त्या म्हणाल्या डिलिव्हरीनंतर हार्मोन्स एकदम खाली येतात, तिसऱ्या चौथ्या दिवसापासून रडू येणं खूप जणींना होतं, दोन आठवड्यांत आपोआप कमी होतं, पण त्यापुढे गेलं, किंवा बाळाला जवळ घ्यावंसंच वाटलं नाही, किंवा नको ते विचार आले, तर लपवायचं नाही, सरळ यायचं, ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला औषध आहे. कारण काय आहे ते त्यांनी विचारलंच नाही, त्यामुळे मलाच सांगावंसं वाटलं. म्हणलं मॅडम, मला मुलगी पाहिजे होती. त्या पेन ठेवून म्हणाल्या, अशी तक्रार माझ्याकडे फार कमी येते, उलटी रोज येते. आणि हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. आता तर सरकारचा टेलिमानसचा १४४१६ नंबर पण आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला तेव्हा गरज पडली नाही, माझं वीसेक दिवसांत ओसरलं. पण ओसरलं म्हणजे रडणं. बाकीचं नाही.

मम्मी महिनाभर आमच्याकडेच होती. ती काही बोलत नव्हती. मालिशवाल्या मावशी यायच्या, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या, टाळू भरायच्या, मग धुरी, मग मला शेक. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा केली, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं, रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून, आणि मी त्या कागदाकडे बघत विचार करत होते की माझ्या वेळी हा कागद ठेवला असेल का कोणी. ते मी पुढे एकदा मम्मीला विचारलं. म्हणजे मला सहजच विचारायचं होतं पण आवाज तसा निघाला नाही.

मम्मी म्हणाली, कागद ठेवला होता. लाडू नव्हते केले.

तर किस्सा असा की ताईच्या वेळी आजीने डिंकाचे लाडू पाठवले होते गावाहून, स्टीलचा मोठा डबा भरून. मधलीच्या वेळी छोटा डबा. आणि माझ्या वेळी आत्याच्या हातून नुसती बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी आली, लाडूचं कोणी नावच काढलं नाही, आणि माझी दुसरी आजी तेव्हा आजारी होती त्यामुळे माहेरूनही काही झालं नाही. मम्मीने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, रेशनला साखर आली नव्हती असं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, मी पण रडले होते तुझ्या वेळेस. तुला पाजायला घ्यायचे आणि तोंड तिकडे करायचे. तीन दिवस.

मी म्हणलं आजीमुळे ना. तर ती म्हणाली, नाही गं, मला पण मुलगाच पाहिजे होता. तुझ्या आजीचं नाव कशाला घेऊ उगाच.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं आमच्या घरातली गोष्ट अशी होती की आजी वाईट आणि मम्मी बिचारी. आणि मम्मीने ती तशी राहू दिली होती. मला राग आला का? थोडा आला. पण बाळ तेव्हा माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याला अकरा दिवस झाले तरी नावाने हाक मारली नव्हती, बाळ बाळच करत होते, तर कुठल्या तोंडाने रागावणार.

मग ती दुसरं एक बोलली, ते मात्र मला झोंबलं. म्हणाली, तुला मुलगी नको होती, तुला मैत्रीण पाहिजे होती. म्हातारपणी फोन करायला, साड्या दाखवायला, दुखलं खुपलं बघायला. आम्हाला मुलगा कशाला पाहिजे होता? त्यालाच की.

मी चिडले, म्हणलं काहीही काय बोलतेस, पण रात्री बाळ उठलं की मी पण जागी, आणि तेच डोक्यात. खरंच मी काय काय ठरवलं होतं? वेण्या घालायच्या. पैठणी तिला द्यायची. मला बरं नसलं की ती येणार. मुलगा लग्न होईपर्यंत मुलगा असतो, मुलगी मरेपर्यंत मुलगी असते, असले फॉरवर्ड मी स्वतः स्टेटसला ठेवलेत. सगळे वाहवा करतात त्यावर. पण त्यात आणि म्हातारपणाच्या काठीत फरक काय, दोन्हीकडे पोराला जन्मायच्या आधीच ड्युटी लावून टाकलेली. आजीला मुलगा नांगराला आणि अग्नीला पाहिजे होता, मला मुलगी गप्पांना पाहिजे होती. माझं दिसायला जरा गोड आहे एवढंच. आणि वेण्याच घालायच्या तर मोठ्याचे केस काय कमी वाढलेत हल्ली.

पण एक सांगते, मी हे दोन्ही दुःख एका तराजूत घालत नाहीये. काही जणी म्हणतात ना, बघा, आता लोकांना मुली पाहिजेत, जमाना बदलला. मला नाही तसं वाटत. माझ्या नाराजीने माझ्या मुलाचं काय बिघडलं? काही नाही. पाच किलो पेढे वाटले, बारशाला दीडशे माणूस, आजोबांनी सोन्याची अंगठी घातली. मी एकटी भिंतीकडे तोंड करून रडले आणि विषय संपला. मुलगी झाली म्हणून जी नाराजी असते ती घरभर असते, ती ताटात येते, दुधाच्या ग्लासात येते, शाळा कोणती घालायची त्यात येते. नावात सुद्धा. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेने नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या मुली शोधून २८५ जणींची नावं बदलली होती, कार्यक्रमच घेतला होता मोठा. विचार करा, रोज हजेरीला मास्तर नकुसा म्हणणार आणि तू हजर म्हणायचं. आणि त्या निदान जन्मल्या. शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली किती, तर महाराष्ट्रात २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. म्हणजे गावोगाव सोनोग्राफी पोचली आणि आकडा खाली आला, कायदा असून. मुलगा नको म्हणून कोणी कुठे गाडी करून गेलंय असं मी तरी ऐकलं नाही.

म्हणून फॉर्म एफवरच्या त्या खोट्या सहीचं आता मला काही वाटत नाही. माझ्यासारख्या दहा जणींची उत्सुकता मारली गेली तर गेली.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण माझी मामेबहीण. ओझरला दिली आहे, मागच्या महिन्यात तिला दुसरी मुलगी झाली. बघायला गेले तर घरात एकदम चांगलं वागणारी माणसं, कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही, बर्फीचा बॉक्स टीपॉयवर होता, पण अर्धा किलोचा. सासूबाई म्हणाल्या, असू दे, लक्ष्मी आली. त्या 'असू दे'वरच सगळं आलं. पहिली बेटी धनाची पेटी म्हणतात, दुसऱ्या बेटीला काय म्हणतात ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी तिथे असतानाच अंगणवाडीच्या ताई आल्या लेक लाडकी योजनेची माहिती द्यायला. बहिणीकडे केशरी कार्ड आहे त्यामुळे बसतं. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत गेली की ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाली की ७५ हजार, सगळे मिळून १ लाख १ हजार. सासूबाई अगदी मन लावून ऐकत होत्या, कागदपत्रं कोणती ते विचारत होत्या, मग ताई म्हणाल्या की दुसरं अपत्य आहे ना, तर आईचं किंवा वडिलांचं कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं सर्टिफिकेट जोडावं लागेल. सासूबाई उठल्या. चहा ठेवते म्हणाल्या. चहा झाला, आम्ही प्यालो, ताई निघून गेल्या, त्या विषयावर परत कोणी काही बोललं नाही. बहीण बाळाच्या लंगोटाच्या घड्या घालत बसली होती, त्याच त्याच चार घड्या, मोडायची आणि परत घालायची.

निघताना ती मला हळूच म्हणाली, ताई, मला पण वाईट वाटतंय गं, मला स्वतःला, मी वाईट आहे का. मी नाही म्हणलं. अजून काय बोलणार होते, मला काही सुचलंच नाही, मी तिला एवढंच सांगितलं की माझ्या धाकट्याला मी बारा दिवस हाक मारली नव्हती. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला उसने पैसे दिलेत.

घरी येऊन मम्मीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मी रिक्षाने आमच्याकडे हजर, पिशवीत डिंक, खारकेची पूड, खोबरं, खसखस, गूळ. गुडघे दुखतात तरी. म्हणाली तुझ्याकडची कढई मोठी आहे. दुसऱ्या मुलीचे लाडू आहेत, जास्तच करायचे. मी खोबरं किसून दिलं, ती डिंक तळत होती, तो तुपात पडला की कसा टचटच फुलतो, ते बघत बघतच ती बोलली, वर न बघता.

म्हणाली, तुझ्या वेळेस तपासणीचं निघालं होतं. तेव्हा मुंबईला करून द्यायचे, पोटातलं पाणी काढून. कोपऱ्यावरच्या एक बाई जाऊन आल्या होत्या, त्यांनीच पत्ता दिला.

मी किसणी खाली ठेवली. महाराष्ट्राने या तपासणीवर कायदा केला तो १९८८ लाच, देशात पहिला आपलाच, केंद्राचा तर १९९४ ला आला. मी त्याच वर्षीची. हे मला माहीत होतं, शाळेत भाषणात पण बोलले होते कधीतरी, टाळ्या पण पडल्या होत्या.

मग? मी विचारलं.

मग काय, म्हणाली, पप्पांच्या कंपनीत तेव्हा संप होता. पैसेच नव्हते.

आणि झाऱ्याने डिंक काढून ताटात घेतला, पुढचा टाकला. मी अजून काही विचारेन असं तिला वाटलं असावं, ती थोडी थांबली पण होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग ती म्हणाली गूळ चिरून दे, करपेल इकडे. मी गूळ चिरून दिला. बावन्न लाडू झाले. मी मोजले.

दुपारी ओझरला डबा न्यायचा म्हणून तयारी करत होते तेव्हा मनात आलं की ते परकर-पोलकं पण देऊन टाकावं, चार वर्षं झाली, किती दिवस ठेवणार. पैठणीच्या घडीतून काढलं, इस्त्री केली, लाडवांच्या पिशवीत वर ठेवलं. मग परत काढलं. मग परत ठेवलं. धाकटा तिथेच पलंगावर उड्या मारत होता. चार वर्षांचा झालाय, दिवसभर माझ्या मागे मागे, मला एवढी बडबड घरात दुसरं कोणी ऐकवत नाही. त्याने ते ओढून घेतलं.

"मम्मा, हे कोणाचंय?"

मला पटकन काही सुचलं नाही. म्हणलं, बाहुलीचं.

"आपल्याकडे कुठेय बाहुली?"